चौकटीआधीचा वास

चांदपाशा मिस्त्रीच्या नाकावर मी बुक्की मारली, ही गोष्ट निलंग्यात सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून तीच आधी सांगून टाकतो. सुदर्शन मास्तरानं आपल्या सोयीचं तेवढं लिहिलं, असं मागाहून कुणी म्हटलेलं मला चालणार नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. शाळेत हल्ली पोराला साधी चापट मारायची सोय राहिलेली नाही, आणि मी पडलो तालमीत वाढलेला माणूस. तेव्हा वड्याचं तेल वांग्यावर निघतं. घरात भांडी आदळतात, बाहेर माणसांशी भांडणं होतात. त्या दिवशी मिस्त्रीचं नाक समोर आलं.

पण ही गोष्ट माझी नाही, त्याची आहे.

चांदपाशा मूळचा इस्लापूरचा, किनवटच्या जंगलाच्या कडेचा. बाप लाकडाच्या डेपोत ओंडके रचायला होता. पोरगाही त्याच्याबरोबर डेपोतच असायचा. बाप त्याचे डोळे फडक्यानं बांधायचा, नाकाखाली ताजी ढलपी धरायचा आणि विचारायचा, कोणतं? चुकलं की पाठीत धपाटा. एकदा ऐनाला धावडा म्हटलं म्हणून बापानं त्याला ओंडक्याला बांधून ठेवलं होतं, हे त्यानंच मला हसत हसत सांगितलं होतं. अशानं दहाव्या-बाराव्या वर्षी त्याला साग, ऐन, धावडा, शिसम नुसत्या वासावर कळायला लागलं. पुढं निलंग्याच्या वहिदाशी लग्न झालं आणि तो सासुरवाडीलाच राहिला. मशिदीच्या मागच्या गल्लीत पत्र्याचं शेड टाकलं. पस्तीस वर्षं त्या शेडमध्ये त्यानं आमच्या तालुक्याची दारं, चौकटी, देव्हारे आणि पाळणे केले. शेडमध्ये गेलं की भुशानं समोरचा माणूस धूसर दिसायचा. मिस्त्रीच्या भुवया, मिशा, कानाचे केस सगळे सागाच्या रंगाचे. तोंडाला फडकं बांध म्हटलं की म्हणायचा, मग मला लाकूड कसं कळंल?

घराची चौकट उभी करताना आमच्याकडे उंबऱ्याला हळदीकुंकू लावतात, नारळ फोडतात, मिस्त्रीला टॉवेल-टोपीचा मान देतात. हे सगळीकडंच आहे. निलंग्यात त्यात एक भर पडली ती चांदपाशामुळं. नारळ फुटायच्या आधी तो उंबऱ्यावर रंधा मारून एक पातळ ढलपी काढायचा, जमलेल्या लोकांसमोर नाकाला लावायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "सागवान हाय. करा उभी." लोकांना हे इतकं अंगवळणी पडलं होतं की दुसऱ्या सुतारानं केलेली चौकट असली तरी वासापुरतं चांदपाशाला बोलावणं जायचं. एका घरी मुहूर्त टळून गेला, भटजी चिडून निघून गेले, तरी चौकट आडवीच पडून होती, कारण मिस्त्री कुणाच्या तरी मयतीला गेला होता.

त्याचा हात मात्र जिभेच्या आधी चालायचा. तरुणपणी एका ठेकेदारानं ऐनाला रंग देऊन सागवान म्हणून त्याच्या गळ्यात मारलं होतं. यानं त्याच लाकडाचा तुकडा उचलला आणि ठेकेदाराच्या तोंडावर हाणला. समोरचे दोन दात पडले. पोलिसांनी नेलं, सोडलं, आणि सुटून आल्यावर त्याचं काम दुपटीनं वाढलं. लाकडासाठी माणसाचे दात पाडणारा मिस्त्री आपल्याला फसवणार नाही, असं लोकांनी धरलं. आपल्याकडे रागीट माणसाला खरा माणूस समजायची खोड आहे. मला स्वतःला तिचा बराच फायदा झालेला आहे, म्हणून खात्रीनं सांगतो.

या माणसाला मित्र म्हणावा असा एकच होता, माणिकप्पा. औराद रस्त्याला त्याची लाकडाची वखार. घरात कन्नड बोलणारा, बाजारात मराठी, आणि दोन्ही भाषा सारख्याच सावकाश बोलणारा. वखारीत अनोळखी माल आला की तो एक फळी काखोटीला मारून चांदपाशाच्या शेडमध्ये यायचा. मला डोळ्यांना दिसतं तेवढंच कळतं, वासाचं तू सांग, असं म्हणायचा. चांदपाशानं साग म्हटलं की तो माल साग म्हणून विकायचा, नाही म्हटलं की परत पाठवायचा. तीस वर्षांत दोघांत कधी कागद झाला नाही. ईदच्या दिवशी शिरखुर्म्याचं पहिलं पातेलं वखारीत जायचं.

मी शिरूर अनंतपाळ रस्त्याला घर बांधायला काढलं, तेव्हा माझी बायको वर्षाराणी हिचा एकच हट्ट होता की बाकी काही कसंही असो, पुढची चौकट सागवानीच पाहिजे. लाकूड माणिकप्पाच्या वखारीतून आलं, काम चांदपाशानं केलं. फाल्गुनात चौकट उभी राहिली. त्यानं ढलपी काढली, डोळे मिटले, सागवान हाय म्हणाला. त्याच्या डाव्या डोळ्यातून पाणी येत होतं आणि तो सारखा गमछ्यानं पुसत होता. मला वाटलं, मास्तराच्या घराचं काम म्हणून मिस्त्री भरून आलाय. मी मान म्हणून टॉवेलाबरोबर शेलाही दिला.

पावसाळा गेला आणि उंबऱ्यापाशी पिठासारखी भुकटी पडायला लागली. वर्षाराणी सकाळी झाडायची, संध्याकाळी पुन्हा तेवढीच. चौकटीला पीळ पडला, दार लागेना. दिवाळीनंतरच्या रविवारी मी मिस्त्रीला बोलावलं. शेजारचे चार-सहा जण बघायला जमले. त्यानं खालच्या कोपऱ्यावर रंधा मारला. वरचा तपकिरी थर निघाला आणि आत पांढरट, किड्यांनी चाळण केलेलं लाकूड निघालं. कुठलं तरी परदेशी हलकं लाकूड होतं, वरून खोलवर रंग पाजलेलं. चांदपाशा उकिडवा बसला होता तो तसाच बसून राहिला. मग उठला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला की माणिकप्पानं घात केला. हातातला लाकडी हातोडा खाली न ठेवताच तो माझ्या मोटारसायकलवर मागं बसला.

मी गाडी हाणली. मला त्या वेळी आतून बरं वाटत होतं, हेही सांगतो. आपण रागावलेले असताना आपल्याहून जास्त रागावलेला माणूस सोबत मिळाला की फार बरं वाटतं.

माणिकप्पा वखारीत टेबलाशी बसून पावती लिहीत होता. चांदपाशानं त्याला एक शब्द विचारला नाही. सरळ गेला आणि टेबलावरच्या उजव्या हातावर हातोडा घातला. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. माणिकप्पानं हात ओढून घ्यायच्या आत दुसरा घाव बसला. "यप्पा" म्हणत तो खुर्चीसकट मागं पडला. चांदपाशा टेबलावरून पलीकडं गेला, त्याच्या छातीवर बसला, मोडलेल्या हातावर गुडघा रोवला आणि डाव्या हातानं त्याचं तोंड दाबून धरून रंगवलेलं लाकूड विकतोस का म्हणून ओरडत राहिला. सोडवायला आलेल्या हमालाच्या कोपरावर हातोडा बसला, तो बाजूला जाऊन कळवळत बसला. दुसरा पुढं आलाच नाही. टेबलावरची पावतीपुस्तकं, चहाचे कप, गल्ल्याची पेटी सगळं जमिनीवर होतं. मी दाराशी उभा राहून बघत होतो. मध्ये पडलो नाही. माझ्या चौकटीचा न्याय चाललाय, अशी माझी समजूत होती.

माणिकप्पानं कशीबशी मान वळवून तोंड मोकळं केलं. तो ओरडला नाही. नेहमीसारखाच सावकाश बोलला.

"पाशा, सरांच्या चौकटीची फळी मी तुझ्याकडं आणलो हुतो. मला वळखू येत न्हाई म्हणलो हुतो. तूच हुंगून सागवान म्हणलास की."

चांदपाशाचे हात थांबले. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. चोरी सापडलेल्या पोराची नजर मी वर्गात वीस वर्षं बघत आलोय, ती मला लगेच ओळखू आली. मी माझ्या बुद्धीप्रमाणं अर्थ लावला की दोघं सामील आहेत, दोघांनी मिळून मला फसवलंय आणि आता वाटणीवरून जुंपलीय. मी त्याला मानगूट धरून उठवलं आणि तालमीत शिकलेली सगळी ताकद लावून एक बुक्की त्याच्या नाकावर मारली.

तालमीत नाकातून रक्त आलेलं मी शंभरदा पाहिलंय. मान खाली, नाक चिमटीत, डोक्यावर गार पाणी, पाच मिनिटांत थांबतं. हे थांबेना. डाव्या नाकपुडीतून धार लागली होती आणि घशातून मागं जाऊन तोंडातूनही रक्त येत होतं. शर्ट भिजला, लुंगी भिजली, खाली पडलेला भुसा भिजून त्याचा लाल लगदा झाला. चांदपाशा भिंतीला टेकून खाली बसला आणि थुंकतच राहिला. अर्ध्या तासानं त्याचे ओठ पांढरे पडले तेव्हा माझी मस्ती उतरली. हमालांनी दोघांना एकाच ऑटोत घालून सरकारी दवाखान्यात नेलं. दोघं एकमेकांकडं पाठ करून बसले होते आणि मी मागून गाडीवर येत होतो.

माणिकप्पाच्या तीन बोटांच्या हाडांचा चुरा झाला होता. चांदपाशाच्या नाकात पट्टी ठासून भरली तेव्हा रक्त थांबलं. तिसऱ्या दिवशी पट्टी काढली आणि पुन्हा धार लागली. मग त्यांनी लातूरला पाठवलं. तिथं नाकात दुर्बीण घातली, डोक्याचा स्कॅन काढला, आतला एक तुकडा तपासायला नेला. मधल्या आठ दिवसांत पोलिसांनी चांदपाशावरही गुन्हा नोंदवला आणि माझ्यावरही, आम्ही दोघं जामिनावर सुटलो, आणि शाळेत मला कारणे दाखवा नोटीस आली.

नवव्या दिवशी मी सातवीच्या वर्गात फळ्याकडं तोंड करून उभा होतो. दारातून वहिदाचाची आत आली. तिच्या हातात त्या दिवशीचा गमछा होता, रक्त वाळून पापडासारखा कडक झालेला. तिनं तो माझ्या छातीवर फेकला. पोरं जागच्या जागी गोठली. चांगला माणूस दिला होता तुमच्या घरी कामाला, असं ती म्हणाली. आयुष्यात कधी बिडी नाही, तंबाखू नाही, सुपारीचं खांड नाही, आणि तुम्ही एका बुक्कीत त्याला कॅन्सर केलात. एवढं बोलून ती निघून गेली. गमछा मी उचलला. तास संपायला अजून वीस मिनिटं होती.

गावानं तेच धरलं. तंबाखू न खाणाऱ्याला कॅन्सर होतोच कसा, मारामुळं झाला असणार. एरवी माझ्या रागाचं कौतुक करणारे लोक चहाच्या टपरीवर माझ्यासाठी सरकून जागा करेनासे झाले. रात्री मला झोप येत नव्हती. मूठ वळली की आपल्याच हाताची किळस यायची.

पुढच्या तपासणीला मी न बोलावता लातूरला गेलो. वहिदाचाचीनं मला बघून पदर ओढला, पण हाकललं नाही. कान-नाक-घशाच्या डॉक्टर होत्या महामाया बनसोडे, तोंडावर स्पष्ट बोलणाऱ्या. त्यांनी स्कॅनचं चित्र उजेडात धरलं. नाक म्हणजे नुसती दोन भोकं नव्हेत, असं त्या म्हणाल्या. आत दोन्ही डोळ्यांच्या मधोमध, गालाच्या हाडात आणि कपाळात हवेच्या पोकळ्या असतात. डाव्या बाजूला, नाकाच्या छताशी, अशाच पोकळ्यांमधून गाठ वाढली होती. वर मेंदू आणि बाजूला डोळा, मध्ये कागदाएवढं हाड. डोळ्यातून पाणी येत होतं ते तिच्याचमुळं.

मी मध्येच विचारलं की मारामुळं झालं का.

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि तुम्हीच का ते, असं विचारलं. मारानं कॅन्सर होत नाही, म्हणाल्या. गाठ आधीपासून होती, म्हणूनच एका बुक्कीत एवढं रक्त आलं. मग मिस्त्रीकडं वळून त्यांनी विचारलं की काम काय करता, किती वर्षं, तोंडाला काही बांधता का. पस्तीस वर्षं ऐकल्यावर त्यांनी मान हलवली. हा कॅन्सर फार थोड्यांना होतो, पण सागासारख्या टणक लाकडाची बारीक धूळ वर्षानुवर्षं नाकात गेली की सुतारांमध्ये तो दिसतो. त्याला तंबाखूच लागते असं नाही. एकाच बाजूचं नाक महिनोन् महिने बंद राहतं, त्याच बाजूनं रक्त येतं, वास जातो, डोळा गळतो, आणि माणूस सर्दी सर्दी म्हणत वाफारे घेत राहतो. चांदपाशानं तेच केलं होतं. मेडिकलमधून थेंब आणले होते आणि राईचं तेल सोडलं होतं.

आपण वाचलो, असं मला वाटलं. समोर एक माणूस मरणाच्या दारात बसलाय आणि मला सुटल्यासारखं वाटतंय, याची पुढच्याच क्षणी लाज वाटली.

मग डॉक्टरांनी विचारलं की वास कधीपासून येत नाही.

वहिदाचाची मध्येच म्हणाली की वास येतो की, त्यांच्या वासावर तर निम्म्या तालुक्याच्या चौकटी उभ्या राहतात. चांदपाशा जमिनीकडं बघत होता. तसंच बघत तो बोलला.

"गेल्या साली दसऱ्यापासून न्हाई येत. आधी डावं गेलं, मग उजवंबी."

मी मनात महिने मोजले. माझी चौकट फाल्गुनातली, म्हणजे दसऱ्यानंतर पाच महिन्यांनी. बाहेर आल्यावर वहिदाचाची औषधं आणायला गेली आणि मी त्याला दवाखान्याच्या पायरीवर बसवलं. खरं सांग म्हटलं. तो नाकातली पट्टी चाचपत बोलू लागला.

"त्यानं फळी नाकाखाली धरली, सर. काईच आलं न्हाई. पाणी हुंगल्यावाणी. शेडमंदी धा-बारा माणसं बसली हुती. सगळे माझ्या तोंडाकडं बघायलेत. म्हणलं, सागवान. मागनं कापताना आतलं पांढरं दिसलं, पर शब्द गेला हुता."

"मग त्याचा हात कशाला मोडलास?"

"त्यानं तोंड उघडायच्या आत मोडायचा हुता."

मला पुन्हा एकदा त्याला मारावंसं वाटलं. दवाखान्याच्या पायरीवर, नाकात पट्टी असलेल्या माणसाला. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलो. थोड्या वेळानं म्हटलं की गावात चल आणि माणिकप्पासमोर हेच बोल. त्याची वखार बसलीय. रंगवलेल्या लाकडाचा व्यापारी असं नाव पडलंय त्याला, आणि एकदा कानफाट्या नाव पडलं की पडलंच. मेलो तरी बोलणार नाही, चांदपाशा म्हणाला. त्याचा मुलगा यासेर बापाच्या नावावरच कामं घेत होता. बापाला वर्षभर वास येत नव्हता आणि तो खोटं बोलून लोकांच्या चौकटी उभ्या करत होता, हे बाहेर पडलं तर त्या पोराकडं कोण येणार? त्या वर्षात त्यानं आणखी किती चौकटींना सागवान म्हटलं होतं, ते मी विचारलं. त्यावर तो उठून वहिदाचाची गेली होती त्या वाटेनं चालायला लागला.

शेवटी मीच वखारीत गेलो. आवारात गिऱ्हाईक नव्हतं, एक कुत्रं फळ्यांच्या सावलीत झोपलेलं होतं. माणिकप्पा डाव्या हातानं चहा पीत होता. उजव्या हातातून लोखंडी तारा बाहेर आलेल्या होत्या. मी सगळं सांगितलं. त्याला नवल वाटलं नाही.

"तुमी सांगून काय हुतंय, सर," तो म्हणाला. "मी चोर हाय, हे गावानं त्याच्या तोंडून ऐकलंय. न्हाई, हेबी त्याच्याच तोंडून ऐकू दे."

पौषात लातूरलाच ऑपरेशन झालं. नऊ तास चाललं. नाकाच्या बाजूनं भुवईपासून ओठापर्यंत चिरलं, हाडं काढली, गाठ काढली. डोळा वाचला. आणखी चार-सहा महिने वाफारे घेत बसला असता तर डोळाही काढावा लागला असता, असं डॉक्टर बनसोडे म्हणाल्या. नाकाचं छतच काढल्यामुळं वास मात्र कायमचा गेला. नंतर नांदेडला त्याची मुलगी बुशरा हिच्याकडं राहून लाईट, म्हणजे कॅन्सरवरची किरणं, घ्यायची होती, रोज एक, अशा तीस. तोंडावर जाळीचा मुखवटा बसवून तो टेबलाला आवळतात. पहिल्या दिवशी मुखवटा आवळल्याबरोबर हा गुदमरला, लाथा झाडल्या, मुखवटा उपसून काढला आणि तिथल्या तंत्रज्ञाच्या कानाखाली वाजवली. मग बुशरानं बापाला जी दमदाटी केली ती सगळ्या वॉर्डानं ऐकली म्हणतात. दुसऱ्या दिवसापासून तो गप पडून राहिला. तोंड आतून सोललं गेलं. भाकरी भुशासारखी लागते, असं तो फोनवर सांगायचा. भुसा त्यानं पस्तीस वर्षं खाल्लेला, तेव्हा चव ओळखायला चुकला नसावा.

परत आला तेव्हा मी त्याला बसस्टँडवर पाहिलं आणि ओळखलं नाही. वजन निम्मं झालेलं. डावीकडं भुवईपासून ओठापर्यंत जांभळा व्रण, नाकाची ती बाजू आत बसलेली. शेडमध्ये पाय ठेवायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. यासेरनं मास्क घेतला होता, भुसा ओढून घेणारं मशीन बसवलं होतं, आणि काम मात्र हातात नव्हतं. लोकांना काही कळलं नव्हतं, तरी आमच्या चौकटीची गोष्ट त्यांच्या डोक्यातून गेली नव्हती.

मी कुजकी चौकट काढून नवीन बसवायचं ठरवलं. लाकूड माणिकप्पाकडूनच घेतलं, काम यासेरलाच दिलं. वर्षाराणीनं मला वेड्यात काढलं आणि मग स्वतःच अक्षय्य तृतीयेचा दिवस धरला. बोलावणी करायला मी स्वतः गेलो. माणिकप्पा येतो म्हणाला. चांदपाशा दाराकडं पाठ करून बसला, तेव्हा वहिदाचाचीनं आतून सांगितलं की ते येतील.

सकाळी नऊच्या सुमारास आवारात पंचवीस-तीस माणसं होती. चौकट जमिनीवर आडवी ठेवलेली, उंबऱ्याला हळदीकुंकू लावलेलं. माणिकप्पा एका बाजूला उभा होता. उजव्या हाताची तीन बोटं वाकडी राहिली होती, त्यांची मूठ होत नव्हती. चांदपाशा दुसऱ्या बाजूला डोक्याला रुमाल बांधून उभा. दोघांच्या मध्ये चौकट. यासेरनं सवयीप्रमाणं उंबऱ्यावर रंधा मारला, पातळ ढलपी काढली आणि बापाच्या हातात दिली. मी त्याला तसं सांगितलं नव्हतं. त्याला काही माहीतच नव्हतं. लोक गप झाले, कारण ते या क्षणाला नेहमीच गप होतात.

चांदपाशानं ढलपी नाकाला लावली. डोळे मिटले. वास यायला लागतो तेवढा वेळ तो थांबला, अगदी पहिल्यासारखा, आणि माझ्या मुठी आपोआप वळल्या. हा पुन्हा तेच म्हणणार, असं मला वाटलं. लाकूड या वेळी खरोखरच सागवान होतं, म्हटलं असतं तरी कुणाला काही कळणार नव्हतं.

त्यानं डोळे उघडले आणि ढलपी खाली केली.

"मला वास येत न्हाई," तो म्हणाला. आवाज नाकातून फुटका येत होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "दीड साल झालं. ह्या घरची आधीची चौकट हुंगलो तवाबी येत नव्हता. माणिकप्पानं मला इचारलं हुतं, मी खोटं सांगितलो. त्यो चोर न्हाई."

यासेरच्या हातातून रंधा खाली पडला. माणिकप्पा चौकट ओलांडून पलीकडं गेला, चांदपाशाच्या समोर उभा राहिला आणि डावा हात उचलून त्याच्या उजव्या गालावर एक सणसणीत थोबाडीत दिली. चांदपाशा दोन पावलं मागं गेला. यासेर पुढं धावला, मी त्याला कमरेला मिठी मारून धरलं. चांदपाशानं हात वर केले नाहीत. दुसरी बसेल म्हणून तो वाट बघत उभा होता. डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि या खेपेला ते दोन्ही डोळ्यांतून येत होतं.

दुसरी बसली नाही. माणिकप्पानं त्याच्या हातातली ढलपी काढून घेतली. वाकड्या बोटांत ती नीट धरता येत नव्हती, म्हणून डाव्या हातात घेतली आणि स्वतःच्या नाकाला लावून बराच वेळ हुंगली. मग नेहमीसारखा सावकाश म्हणाला, "सागवान हाय, पाशा. कर उभी."

चांदपाशा खाली वाकला आणि चौकटीचं एक टोक धरलं. दुसरं मी धरलं.